गिनी, वेढणी आणि नाणं: वाचकांचे प्रश्न

सोन्याच्या नाण्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांतला गोंधळ एकाच जागी आहे. सोन्याच्या नाण्याला दोन भाव असतात. एक आतल्या धातूचा, दुसरा वरचा: मजुरी, छाप, साल, दुर्मिळपणा. घेताना आपण दोन्ही मोजतो, विकताना समोरचा दुसरा मोजेलच असं नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून उत्तरांत २४ कॅरेटचा भाव सगळीकडे दहा हजार रुपये ग्रॅम धरला आहे. प्रत्यक्षात त्या दिवशीचा भाव घालून आकडे काढावेत.

मुलगी आठवीत आहे. तिच्या लग्नासाठी दर पाडव्याला आणि दसऱ्याला थोडं सोनं घेतो. सराफ म्हणतात नाणं घ्या, घरातले म्हणतात वेढणी घ्या. कुणाचं ऐकू? (पुणे)

घरातल्यांचं. वेढणी म्हणजे चोख सोन्याचं साधं वळं.

दहा ग्रॅमच्या नाण्याचा हिशेब मांडू. सोनं एक लाखाचं. नाण्याची मजुरी ४ टक्के धरली तर चार हजार. एकूण एक लाख चार हजारांवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,१२० रुपये. हातातून गेले १,०७,१२०. दुसऱ्या दिवशी तेच नाणं मोडायला नेलं आणि सराफाने २ टक्के कापले तर मिळतील ९८,०००. म्हणजे सोनं साधारण सव्वानऊ टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. वेढणीला मजुरी १ टक्का लागली तर तेच सोनं १,०४,०३० रुपयांना पडतं. एका तोळ्यामागे तीन हजारांचा फरक, तोही फक्त लक्ष्मीच्या किंवा गणपतीच्या चित्रासाठी. (बाजारात आता तोळा म्हणजे दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हे आजीच्या चिठ्ठ्या वाचताना लक्षात ठेवा.)

नाणं जितकं लहान तितकी मजुरी टक्केवारीत जड. साचा, पॅकिंग आणि प्रमाणपत्राचा खर्च एक ग्रॅमलाही लागतो आणि पन्नास ग्रॅमलाही. एक ग्रॅमवर १० टक्के मजुरी लावलेली सर्रास दिसते. दर सणाला एकेक ग्रॅमचं नाणं घेण्यापेक्षा पैसे बाजूला टाकून वर्षातून एकदा दहा ग्रॅमची वेढणी घेतली तर बरं. मुहूर्त मोडायचा नसेल तर पाडव्याला अर्धा ग्रॅम घ्या, बाकीचं नंतर.

वेढणीत दोन गोष्टी पाहायच्या. पावतीवर शुद्धता ९९५ लिहिलीय की ९९९ (हजारात इतके भाग शुद्ध सोनं), आणि वजन तीन दशांशांपर्यंत लिहिलंय का. "२४ कॅरेट" एवढंच लिहिलेली पावती मोडताना उपयोगाची नाही. वेढणीवर शिक्का नसला तर दुसऱ्या पेढीवर टंच (शुद्धतेची तपासणी) काढल्याशिवाय भाव मिळणार नाही, म्हणून शक्यतो एकाच पेढीवरून घ्या आणि पावत्या एकत्र ठेवा.

लग्नाच्या वेळी तुम्ही हे सोनं देऊन २२ कॅरेटचे दागिने घ्याल. फसवणूक होते ती बहुधा तिथे. दहा ग्रॅम ९९९ सोन्याच्या बदल्यात २२ कॅरेटचं सोनं साधारण १०.९० ग्रॅम मिळायला हवं, ९९५ असेल तर १०.८५. "ग्रॅमला ग्रॅम देतो, मजुरीत सूट देतो" असं कुणी म्हणालं तर आठ टक्क्यांच्या वर सोनं त्याने आधीच उचललेलं असतं. सूट त्यातूनच निघते.

आजीच्या पेटीत पाच गिन्या निघाल्या. दोनांना कडी लावलेली आहे, एकीवर घोडेस्वाराच्या खाली बारीक अक्षर दिसतं. सराफाने वजनावर भाव सांगितला. त्यांना संग्राहकाचा भाव मिळतो का? (कोल्हापूर)

आधी नाव. इंग्लंडची खरी गिनी १८१४ नंतर पाडलीच नाही. आपल्याकडे गिनी म्हणतात ती बहुतेक वेळा सॉव्हरिन, १८१७ पासूनची. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून अजगर मारणारा सेंट जॉर्ज. हे चित्र बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची या इटालियन कोरक्याचं. राणी व्हिक्टोरियाच्या काही सॉव्हरिनवर घोडेस्वाराऐवजी ढाल असते.

मापं पाठ करण्यासारखी आहेत: वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी सुमारे १.५२ मिलिमीटर, सोनं २२ कॅरेट. शुद्ध सोनं ७.३२२ ग्रॅम. आपल्या दराने धातूचा भाव ७३,२२० रुपये. अर्धी सॉव्हरिन ३.९९४ ग्रॅमची. इंग्लंडमध्ये चलनात असताना ७.९३८ ग्रॅमच्या खाली झिजलेली सॉव्हरिन बाद धरत. तुमच्या काट्यावर ७.९० च्या खाली काही भरलं तर झीज, कानस (घासून सोनं काढून घेतलेलं) किंवा नकल, तिन्ही शक्यता डोक्यात ठेवा.

आता ते बारीक अक्षर. घोड्याच्या खालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या वर मध्यभागी टांकसाळीची खूण असते. अक्षर नसेल तर बहुधा लंडन. 'एस' म्हणजे सिडनी, 'एम' मेलबर्न, 'पी' पर्थ, 'सी' ओटावा, 'एसए' प्रिटोरिया. आणि नुसती उभी रेघ, म्हणजे इंग्रजी 'आय', असेल तर मुंबई. पहिल्या महायुद्धात चलनाची ओढाताण झाली तेव्हा १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीची, शाखा उघडली आणि तिथे सुमारे १२ लाख ९५ हजार सॉव्हरिन पाडल्या. त्याआधी त्याच वर्षी मुंबईत पंधरा रुपयांची मोहोर पाडली होती, तिचंही वजन सॉव्हरिनएवढंच, कारण तेव्हा एका सॉव्हरिनचा दर पंधरा रुपये होता. या मोहोरांची संख्या २१ लाखांच्या आसपास.

ब्रिटिश काळातली 'आय' खूण फक्त १९१८ सालावर असते. १९११ किंवा १९१३ सालाच्या सॉव्हरिनवर 'आय' दिसला तर ते नाणं नकली. त्यानंतर ही खूण परत आली थेट २०१३ मध्ये. एमएमटीसी-पॅम्प या कंपनीने हरियाणात रॉयल मिंटच्या देखरेखीखाली सॉव्हरिन पाडल्या, त्यांवर दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा चेहरा आहे.

मुंबईची म्हणून भाव भरमसाट वाढतो असं समजू नका. तेरा लाखांच्या घरात पाडलेलं नाणं दुर्मिळ नसतं. चांगल्या स्थितीतल्या १९१८ मुंबई सॉव्हरिनला भारतीय संग्राहक धातूपेक्षा जास्त देतात, पण स्थिती चांगली असेल तरच. स्थिती पाहायची ती उंच भागांवर: राजाच्या दाढीचे आणि कानावरचे केस, सेंट जॉर्जच्या शिरस्त्राणाचा तुरा, घोड्याची छाती. तिथे बारीक रेघा टिकून असतील तर नाणं चलनात फारसं फिरलेलं नाही. सपाट झालं असेल तर वजनाचा भाव हाच रास्त.

कडी लावलेल्या दोन नाण्यांचा संग्राहकी भाव गेला. कडी काढली तरी डाकाची (सांधा जोडायला वितळवलेल्या धातूची) जागा कडेवर दिसते: तिथल्या उभ्या रेघा गुळगुळीत, रंग किंचित लालसर किंवा करडा. सफाई करून ती झाकली तर जाणकाराला अधिकच ठळक दिसते. कडी असू द्या, आणि त्या गिन्या मोडायच्याच असतील तर डाकाच्या वजनाची घट मान्य करा. उरलेल्या तीन नाण्यांना मात्र डाक नाही, त्यांत घट धरायचं कारण नाही. सराफाने पाचही एकत्र वजनात टाकून सरसकट घट लावली असेल तर तीन वेगळी तोलायला सांगा. आणि कसोटीवर घासू देऊ नका. मशीनवर टंच काढता येतो, नाण्याला ओरखडाही न लावता.

संकेतस्थळावर एक जण शिवकालीन सोन्याचा होन बारा हजारांत विकतो आहे. घ्यावा का? (रत्नागिरी)

नको. होनाचं वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम. आपल्या दराने नुसतं सोनंच २५ हजारांच्या वर जातं. ज्याच्याकडे खरा होन आहे तो माणूस धातूच्या निम्म्या किमतीत विकत नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' लिहिलेले खरे होन इतके थोडे आहेत की ते लिलावात येतात तेव्हा बातमी होते. पितळेवर मुलामा दिलेले, साच्यात ओतलेले होन मात्र गडांच्या पायथ्याशीही मिळतात. ते आठवण म्हणून घ्यायला हरकत नाही, दीडशे रुपयांत. खरी नाणी डोळ्यांखालून घालायची असतील तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय गाठा. ठशाने पाडलेल्या आणि साच्यात ओतलेल्या नाण्यातला फरक फोटोपेक्षा काचेआडच्या खऱ्या नाण्यावर लवकर कळतो.

घरच्या घरी नाणं खरं की खोटं कसं तपासावं? लोहचुंबक पुरतं का? (नाशिक)

लोहचुंबक एकाच दिशेने उपयोगी. नाणं चिकटलं तर खोटं. चिकटलं नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळ, शिसं, चांदी, तांबं यांपैकी काहीच चिकटत नाही.

पहिली परीक्षा वजन आणि मापं एकत्र घेण्याची. सोनं फार जड. हलक्या धातूचं नाणं सोन्याच्या वजनाचं करायचं तर ते रुंद किंवा जाड करावं लागतं. म्हणून काटा आणि व्हर्निअर कॅलिपर दोन्ही हवेत. वजन बरोबर पण जाडी दोन मिलिमीटरच्या वर गेलेली सॉव्हरिन तिथेच बाद.

दुसरी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड ते पाहण्याची. लागतो तो हजारांश ग्रॅम दाखवणारा काटा, अर्धा पेला पाणी आणि शिवणाचा बारीक दोरा.

नाणं कोरडं तोला, आकडा लिहा. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाण्याला दोऱ्याचा फास घाला आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं धरा. काटा आता जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. शुद्ध सोन्याला १९.३ यायला हवं, २२ कॅरेटच्या सॉव्हरिनला १७.६ च्या आसपास. शिसं ११.३, चांदी १०.५, तांबं ९ च्या थोडं खाली.

सॉव्हरिनला पाण्यातला आकडा सुमारे ०.४५४ येतो, दहा ग्रॅमच्या शुद्ध नाण्याला ०.५१८. आता स्वयंपाकघरातला दोन दशांशांचा काटा का चालत नाही ते दिसेल. त्यावर ०.५१ आला तर उत्तर १९.६ आणि ०.५३ आला तर १८.९. इतक्या फरकात खरं आणि भेसळ दोन्ही बसतात. बुडबुडे हा दुसरा शत्रू. नाण्याला चिकटलेला बुडबुडा पाणी जास्त सारतो आणि खरं सोनंही हलकं भासतं. नाणं आधी साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, घासू नका, मग बुडवा. तीनदा करा, मधला आकडा घ्या. हात थरथरत असेल तर दोरा पट्टीला बांधून पट्टी दोन डब्यांवर आडवी ठेवा.

ही परीक्षा टंगस्टन या धातूपुढे हरते. टंगस्टनचं गुरुत्व १९.२५, सोन्याला अगदी खेटून. आत टंगस्टन आणि वर सोन्याचा जाड थर असं नाणं वजन, माप, पाणी सगळीकडे पास होतं. सराफाच्या दुकानातलं टंचाचं क्ष-किरण मशीनही पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच वाचतं, त्यालाही वरचं सोनंच दिसतं. तिथे ध्वनिलहरींचं यंत्र लागतं, कारण टंगस्टनमधून आवाज सोन्यापेक्षा बराच वेगाने जातो. घाबरण्याइतकं हे एक-दोन ग्रॅमच्या नाण्यात घडत नाही, कारण खटपटीला परवडत नाही. पन्नास-शंभर ग्रॅमच्या चिपेत (सोन्याच्या सपाट बिस्किटात) मात्र हा विचार करावा, विशेषतः ती सराफाकडून न घेता ओळखीच्या ओळखीतून स्वस्तात येत असेल तर.

सॉव्हरिनमध्ये अजून एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि लेबनॉनमध्ये बनलेल्या बऱ्याच नकली सॉव्हरिनमध्ये सोनं पुरेपूर २२ कॅरेटचं असे. वरच्या कोणत्याही परीक्षेत त्या नापास होत नाहीत. खरं-खोटं ठरतं ते अक्षरांच्या कडा, कडेवरच्या रेघांची संख्या आणि सालाच्या आकड्यांचा आकार भिंगाखाली पाहून. मोडीत देणाऱ्याला याने फरक पडत नाही, संग्राहकाला सगळाच पडतो. १९१७ ची लंडनची सॉव्हरिन फार कमी मिळते, आणि म्हणूनच तिच्या नकला ठिकठिकाणी मिळतात.

आईची पुतळ्यांची माळ आहे. पुतळी म्हणजे नाणंच ना? (वाई)

मूळची पुतळी नाणंच. व्हेनिसचा डुकाट, साधारण साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा शासक, दुसऱ्या बाजूला अंडाकृती प्रभावळीत ख्रिस्त. आपल्याकडे दोन्हीकडे पुतळ्याच दिसल्या आणि नाव पडलं. सोनं इतकं चोख की व्यापाराबरोबर ही नाणी इकडे आली आणि गळ्यात गेली. पुढे आपल्या सोनारांनीच त्यांच्या नकला पाडल्या. त्यांवर लॅटिन अक्षरांऐवजी नुसत्या उभ्या काड्या आणि ठिपके असतात.

आज दुकानात मिळणारी पुतळी म्हणजे पातळ पत्र्यावर उठवलेला ठसा, मागून पोकळ. एक पुतळी हातात घेऊन पाठ पाहा. पाठ सपाट, भरीव आणि तिच्यावरही चित्र असेल आणि एकेकीचं वजन तीन ग्रॅमच्या वर असेल तर माळ वेगळ्या जातकुळीची आहे. अशी माळ मोडीत काढण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. कडीमुळे एकेका नाण्याचा भाव कमी होईल, पण अखंड जुनी माळ म्हणून तिला वेगळी किंमत असू शकते. पोकळ असेल तर ती दागिना आहे, दागिन्याच्या हिशेबाने वागा.

जुना वाडा पाडताना भिंतीत सोन्याची नाणी सापडली तर काय करायचं? (सातारा)

१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. त्यात जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपवलेलं काहीही 'निधी' ठरतं, म्हणजे भिंतही आली. किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी. माल सरकारी कोषागारात ठेवायचा किंवा तारण द्यायचं. अर्जाची पोचपावती शिक्क्यासह घ्या.

कळवण्याआधी जागेवरच फोटो काढा, नाणी धुऊ नका. ज्या गाडग्यात किंवा फडक्यात होती तेही जपा, त्यावरून काळ ठरतो.

नाणी तुमच्या आजोबांनी गेल्या शंभर वर्षांत ठेवली असं सांगता येत असेल तर तो दावा दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो. निधी बिनमालकीचा ठरला तर कायदा 'शोधणारा' आणि 'जागेचा मालक' असे दोन वेगळे धरतो आणि आपसांत करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला देतो. कुदळ मजुराच्या हातात होती का, हा प्रश्न इथे येतोच. सरकारला निधी हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दोन मजूर, एक ठेकेदार आणि शेजारची गच्ची एवढे डोळे असताना गोष्ट लपत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आईने माझ्या नावाने ठेवलेल्या गिन्या अमेरिकेला नेता येतील का? (न्यू जर्सी)

सालं पाहा. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरातन वस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची मुंबई सॉव्हरिन २०१८ पासून या रेषेपलीकडे गेली. ती गळ्यात घातली तरी नियम बदलत नाही. पेटीतली बहुतेक नाणी व्हिक्टोरिया राणीची नाहीतर पाचव्या जॉर्जची असतात, त्यामुळे जवळजवळ सगळीच अडकतील. इथेच लॉकरमध्ये ठेवा किंवा इथल्या संग्राहकाला देऊन पैसे न्या.

दुबईत नोकरी करतो. तिथून क्रुगररँड आणावं की मेपल लीफ? (सध्या मुक्काम दुबई)

भारतात मोडायचं असेल तर कॅनडाचं मेपल लीफ, त्याहून बरी अनुक्रमांक कोरलेली दहा ग्रॅमची चीप. दोन्ही नाण्यांत शुद्ध सोनं एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. पण दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड २२ कॅरेटचं, वजन ३३.९३ ग्रॅम, तांब्यामुळे लालसर. इथला सराफ ते पाहून जुन्या दागिन्यासारखा भाव लावतो. शिवाय अमिरातीत ९९ टक्के किंवा जास्त शुद्धतेच्या गुंतवणुकीच्या सोन्यावर व्हॅट शून्य आहे, २२ कॅरेटच्या नाण्यावर तो ५ टक्के लागतो. विमानतळावर दागिन्यांची करमुक्त सवलत नाण्यांना लागू नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहून येणाऱ्याला एक किलोपर्यंत सोनं शुल्क भरून आणता येतं. सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेने जा, दुकानाची पावती हातात ठेवा.

लक्ष्मीपूजनाची नाणी दरवर्षी हळद-कुंकू लावून, मग रिठ्याने घासून ठेवतो. आता त्यांवर धूसरपणा आला आहे. (सोलापूर)

तो धूसरपणा मळाचा नाही, घासण्याचा आहे. २४ कॅरेट सोनं फार मऊ. कुंकवाचे कण त्यावर वाळूसारखे फिरतात आणि हजारो केसासारख्या रेघा पडतात. प्रकाशात तिरपं धरून फिरवलं की दिसतात. धातूचा भाव तसाच राहतो, पण अशा नाण्याला संग्राहक हात लावत नाही आणि झीज झाली तर वजनही किंचित उतरतं.

पूजेसाठी नाणं प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत घालून पाटावर ठेवा आणि कुंकू डबीला लावा. सॉव्हरिनला २२ मिलिमीटरची डबी बसते. हात लावायचाच तर कडेला धरा. तेलकटपणा काढायला शुद्ध ॲसिटोनमध्ये दोन मिनिटं बुडवा, बाहेर काढून कागदावर आपोआप वाळू द्या, पुसू नका. खोलीत हवा खेळती हवी, जवळ देवाचा दिवा नको. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण म्हणजे ॲसिटोन नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. टूथपेस्ट, चिंच, सोडा, पितांबरी हे सगळं तांब्याच्या तांब्यासाठी ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचा वास येतो ना, तो त्यातून सुटणाऱ्या रसायनांचा. २२ कॅरेटमधल्या तांब्यावर त्याने हिरवट चिकट थर चढतो. जुन्या अल्बममधली नाणी आजच काढा.

नाण्यांवर सोनेतारण कर्ज मिळतं का? (ठाणे)

मिळतं, पण मर्यादेत. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनुसार एका कर्जदाराची सगळी मिळून ५० ग्रॅमपर्यंतची नाणी तारण घेता येतात, दागिन्यांची मर्यादा एक किलो आहे. घरखर्चासारखं कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत असेल तर ८० टक्के, त्याहून मोठं असेल तर ७५ टक्के. चिपा, लगडी ही कच्च्या सोन्यात जातात, त्यांवर कर्ज नाही, आणि वेढणीलाही शाखा बहुधा त्याच रांगेत बसवते. पुण्याच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावं: अडीअडचणीला कर्ज काढण्याची वेळ येईल असं वाटत असेल तर थोडं सोनं नाण्यांत ठेवण्याला अर्थ आहे.

आजोबांनी १९८० च्या सुमारास घेतलेली नाणी आता विकायची आहेत. कर किती? (नागपूर)

वारशाने आलेल्या सोन्याचा काळ आजोबांपासून मोजतात, म्हणजे दीर्घ मुदत. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या सोन्यावर नफ्याच्या १२.५ टक्के कर, वर अधिभार लागू असेल तर तो आणि ४ टक्के उपकर. महागाईनुसार खरेदीमूल्य वाढवायची सोय आता नाही. मात्र १ एप्रिल २००१ च्या आधीचं सोनं असल्याने खरेदीकिंमत म्हणून त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं. १९८० ची पावती शोधण्यापेक्षा नोंदणीकृत मूल्यांककाकडून २००१ चं मूल्यांकन घेणं फायद्याचं.

पैसे बँकेतून येतील, कारण दहा हजारांच्या वर रोख दिली तर सराफाला तो खर्च दाखवता येत नाही. रोखीचा आग्रह धरणारा ग्राहक स्वतःहून कमी भाव मागत असतो. सामान्य माणसाने घरचं सोनं सराफाला विकताना जीएसटी भरायचा नसतो, तो कापला जात असेल तर विचारा.

बँकेतून घेतलेल्या नाण्याचं बंद पाकीट मुलाने फाडलं. बँक म्हणते आम्ही परत घेतच नाही. आता? (लातूर)

बँका सोन्याची नाणी विकतात, परत घेत नाहीत; पाकीट अखंड असतं तरी उत्तर हेच मिळालं असतं. सराफाकडे जा, पावती आणि फाटलेलं पाकीट दोन्ही न्या. पाकिटावरचा अनुक्रमांक नाण्यावरही कोरलेला असेल तर काम सोपं होतं. नसेल तर टंच काढून धातूचा भाव मिळेल. टंच तुमच्यासमोर काढायला सांगा, मशीनचा छापील कागद मागा आणि तो आकडा ९९९ च्या जवळ असताना कुणी "पाकीट नाही" म्हणून दोन टक्के जास्त कापत असेल तर रस्त्यापलीकडच्या पेढीवर विचारून या.